फिरता आहेर

पलूसात एस.टी. स्टँडसमोर माझं दुकान आहे. वह्या, पेनं, राख्या, वाढदिवसाच्या टोप्या असलं सगळं मिळतं, पण लगीनसराईत खरा धंदा आहेर बांधून देण्याचा. घड्याळ आणा, डिनर सेट आणा, गणपतीची मूर्ती आणा, मी चकचकीत कागदात बांधते, वर फीत लावते आणि नावाची चिठ्ठी चिकटवते. म्हणून सांगते, आपल्याकडे निम्मे आहेर कुणी उघडतच नाही. ह्या लग्नातलं त्या लग्नात, त्या वास्तुशांतीतलं ह्या बारशात. जुन्या नावावर नवी चिठ्ठी मारायची, की झालं! एक भिंतीवरचं घड्याळ माझ्याकडे इतक्या वेळा येऊन गेलंय की आता मी त्याला ओळखते. मला हसू येतं आणि मी गप नवी चिठ्ठी लावून देते. पण मानसिंग सरांच्या पुस्तकाचं तसं झालं तेव्हा माझं डोकं सणकलं.

मानसिंग जमदाडे सरांनी आमच्या शाळेत इंग्रजी शिकवण्यात सगळी नोकरी घालवली. कृष्णाकाठच्या लहान गावातला माणूस. वडील फौजेत, घरी थोडा ऊस. वडिलांची इच्छा की पोरानं पण भरती व्हावं, पण छाती दोन बोटं कमी भरली आणि हा पठ्ठ्या सांगलीच्या कॉलेजात जाऊन इंग्रजी घेऊन बसला. तेव्हा गावात म्हणे लोक विचारायचे, "इंग्रजी शिकून आता काय गोऱ्या सायबाला परत आणतोस व्हय रं?"

सर सकाळी शाळेच्या फाटकात उभे राहायचे. इंग्रजीत एक वाक्य बोलल्याशिवाय आत सोडायचे नाहीत. आम्ही त्याला जकात म्हणायचो. वाक्य चुकलं तरी चालायचं, पण घोकलेलं चालायचं नाही, आपल्या घरचं पाहिजे. मी पाचवीत होते. माझी बोबडी वळलेली. कसंबसं म्हणाले, "सर, माय गोट इज नॉट वेल." सर हसले नाहीत. काय होतंय तिला, कधीपासून खात नाही, सगळं मराठीत विचारून घेतलं. संध्याकाळी बघते तर सायकलवर मागं जनावरांच्या डॉक्टरांना बसवून सर आमच्या दारात! शेळी वाचली. त्या दिवसापासून मला इंग्रजीची भीती वाटली नाही, आणि सरांसाठी जीव द्यायचीही तयारी झाली. माझीच नव्हे, सगळ्यांची. आमच्या शाळेतले कितीतरी जण फौजेत गेले, बँकेत गेले, मिरजेच्या दवाखान्यांत डॉक्टर झाले. सुट्टीवर आले की आधी सरांच्या पाया पडणार, मग घरी जाणार.

सरांच्या घरात मात्र दिव्याखाली अंधार. सर घरात असायचेच कुठे? शाळा सुटली की ढ पोरांचा तास, रविवारी स्कॉलरशिपवाल्यांचा तास, मे महिन्यात नापासांचा तास. शालूकाकी, म्हणजे सरांच्या मिसेस, दारात गहू निवडत बसायच्या. मी विचारायची, "काकी, सर हायत का?" तर म्हणायच्या, "आगं बाई, तुलाच विचारणार होते मी." पण हसून म्हणायच्या हो. नवऱ्याचा रागराग करताना मी त्यांना कधी बघितलं नाही.

त्यांचा एकुलता एक मुलगा जयराज माझ्याच वर्गात. शाळेत बापाला 'सर' म्हणायचा आणि घरी 'अण्णा'. आम्ही चेष्टा करायचो, तुझी तरी जकात माफ असंल की! पण सरांनी त्याला सगळ्यांत शेवटी आत सोडायचं, असा नियमच केला होता. घरचा म्हणून सवलत घेतली असं कुणी म्हणायला नको. पुढं जयराज इंजिनिअर झाला, साताऱ्याला नोकरी लागली, तिकडचाच झाला.

सर निवृत्त झाले, तरी दहावीचे जादा तास सुटले नाहीत. फुकट हो, एक रुपया घेतला नाही कधी. सात वर्षांमागची गोष्ट. शालूकाकींचं हृदयाचं दुखणं वाढलं, मिरजेला दवाखान्यात ठेवलं. जयराज रजा काढून आईजवळ बसला. सर सकाळी पोरांचा तास घ्यायचे आणि दुपारच्या गाडीनं मिरजेला जायचे. बोर्डाची परीक्षा तोंडावर होती ना! तासाला फोन बंद ठेवायचा ही त्यांची जुनी शिस्त. त्या दिवशी तास आटोपून फोन चालू केला आणि जयराजचा फोन आला की आई गेली.

तेरावं झालं. जयराज साताऱ्याला गेला आणि परत उंबऱ्यात आला नाही. दिवाळीला फोन करायचा. "बरे आहात ना?" "हो." "ठेवू?" "ठेव." बास, एवढंच. सगळं गाव म्हणायचं, पोराचा बापावर राग आहे, आणि खरं सांगायचं तर चूक कुणाला वाटत नव्हती. आई दवाखान्यात आणि हा माणूस लोकांच्या पोरांना व्याकरण सांगतोय!

सर एकटे पडले. आता तुम्ही म्हणाल, एवढे विद्यार्थी असताना एकटे कसे? तेच तर मला कळत नव्हतं बघा. बाजारात निघाले की पन्नास जण वाकून नमस्कार करणार, मोटारसायकल थांबवून "सर, सोडू का?" विचारणार. पण घरात पाणी विचारायला कोण नाही. भाकरी स्वतः थापायचे, ती एका बाजूला करपलेली आणि एका बाजूला कच्ची. टीव्ही बघायचे नाहीत, पण चालू ठेवायचे. मी एकदा म्हटलं, "आवं सर, लाईट बिल येतंय की." तर म्हणाले, "येऊ दे गं संयू. घरात कुणीतरी बोलतंय असं वाटतं." मी दुकानात येऊन रडले. रोज डबा पाठवला असता, पण घ्यायचे नाहीत. मानी माणूस.

मग त्यांनी लिहायला घेतलं. माझ्याकडूनच कागद न्यायचे. दोन-तीन वर्षं लिहीत होते. मला वाटलं, इंग्रजीचे मास्तर, इंग्रजीतच लिहितील. तर मराठीत! विचारलं, तर म्हणाले, "शालूला इंग्रजी कुठं येत होतं?" सांगलीच्या एका छापखान्यातून पुस्तक करून आणलं. नाव ठेवलं 'घरी यायला उशीर'. पहिली प्रत मला दिली. मी दुकानातच, गिऱ्हाइकांवर खेकसत, दोन दिवसांत वाचून काढली.

चांगलं लिहिलंय हो. शाळेचं आहे, फाटकातली जकात आहे, माझी शेळीसुद्धा आहे. पण शेवटचं प्रकरण वेगळंच. त्यात शालूकाकी गेल्या तो दिवस आहे. लिहिलंय की, माझा फोन बंद होता. ती बोलवत असेल, जयराज सारखा फोन लावत असेल, आणि मी खडू घेऊन फळ्यासमोर उभा होतो. माझ्या पोराला आईचं मरण एकट्यानं बघावं लागलं. त्याचा राग रास्त आहे. दोघांनी मला माफ करावं. असं सरळ, साधं लिहिलंय.

दुसऱ्या दिवशी सर दुकानात आले. पेनाची रिफिल हातात धरून उगीच फिरवत बसले. मग म्हणाले, "शेवटचं वाचलंस?"

"वाचलं सर."

"जयराज वाचेल का गं? सगळं त्याच्यासाठीच आहे. बाकीची पानं म्हणजे नुसती प्रस्तावना."

"मग पाठवून द्या की त्याला!"

"नको. माफी आपणच दारात नेऊन ठेवली की ती वसुली वाटते. फिरत फिरत जाईल त्याच्याकडं. सातारा काय लांब आहे?"

आता ह्या माणसाला काय म्हणावं!

पुस्तकाचं प्रकाशन मंगल कार्यालयात दणक्यात झालं. फेटे, हार, भाषणं. प्रत्येकानं माइकवर स्वतःचंच सांगितलं, मी कसा घडलो आणि मला सरांनी कसा मारला. पुस्तक कुणी उघडलं नव्हतं. शेवटी आमचा वर्गमित्र नाथाजी उठला. फौजेतून सुभेदार होऊन आलेला, आवाज म्हणजे तोफ. म्हणाला, "दोस्तांनो, ठरलं! सगळी पुस्तकं आपन घ्यायची. हितनं फुडं कुनाच्या बी लग्नात आहेर म्हंजे सरांचं पुस्तक. सरांचं नाव जिल्हाभर झालं पायजे!" टाळ्यांचा कडकडाट. मला पण त्या वेळी बरंच वाटलं. गठ्ठे माझ्या दुकानात आले. मी खास सोनेरी कागद आणला, हिरव्या वेलीचा, दुसऱ्या कशाला वापरायचा नाही म्हणून.

पुस्तकं गेली की भराभर. विटा, कडेगाव, कराड, सातारा. सर रोज संध्याकाळी यायचे. "आज कुठं गेलं गं?" मी सांगायची. सातारा म्हटलं की त्यांचा चेहरा उजळायचा. लोक रस्त्यात सांगायचे, "सर, पुस्तक लय भारी!" सर विचारायचे, "काय आवडलं?" "सगळंच की सर." सर मला म्हणाले, "सगळंच आवडलं म्हणजे काहीच वाचलं नाही. जन्मभर धडा न वाचता आलेली पोरं बघितलीत मी. मला फसवतात होय?" आणि हसले. पण ते हसू काही खरं नव्हतं.

एके दिवशी विट्याहून एक बाई आल्या, पिशवीतून सोनेरी पाकीट काढलं. "ह्याला नवी चिठ्ठी लावा, उद्या बारसं हाय." माझाच कागद, माझीच वेल! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, "आवं, उघडून तरी बघायचं! पुस्तक हाय ते, आमच्या सरांचं." बाई मलाच उलट म्हणाल्या, "उघडल्यावर परत देता येत न्हाई की, वैनी." घ्या! त्यानंतर अशी पाकिटं येतच राहिली. मी चिठ्ठी लावून द्यायची नाही, भांडायची. गिऱ्हाइकं शेजारच्या दुकानात जायला लागली. आमचे हे म्हणाले, "घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं! सरांपायी धंदा बुडवतीस का?" म्हटलं, बुडू दे.

मधल्या काळात नाथाजीच्या मुलीचं कराडला लग्न झालं. सर तेव्हा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मिरजेला होते. जयराज आला होता लग्नाला. सर नाहीत हे कळल्यावरच आला, असं लोक म्हणाले. अक्षता टाकल्या, आहेर दिला, जेवला पण नाही. मी त्याला लांबून बघितला. केस पांढरे झालेले. वाटलं होतं जाऊन चार शब्द सुनवावेत, पण लग्नघरात कुठं तमाशा करायचा.

यंदा आमच्या वर्गाचा मेळावा झाला. पुढारी परत नाथाजीच. सरांना फेटा, शाल, नारळ, आणि वर सोनेरी कागदातली एक भेट. मी पाचव्या रांगेत होते, तिथूनच वेल ओळखली. ह्या शहाण्यानं ऐनवेळी पोरीच्या लग्नातलं पाकीट उचलून आणलं होतं, वर चिठ्ठी 'आपले विद्यार्थी' म्हणून. आत काय आहे, त्याला तरी कुठं ठाऊक!

कार्यक्रम संपल्यावर सरांना घरी सोडायला मी गेले. खुर्चीत बसले आणि पाकीट मांडीवर घेतलं.

मी म्हटलं, "राहू द्या सर. घड्याळ असंल."

"घड्याळ नाही. पुस्तक आहे. पुस्तकाचं वजन मला कळत नाही होय?" ते कागदावरून हात फिरवत राहिले. कागद कुठला ते त्यांनाही ठाऊक होतं. इतक्या संध्याकाळी दुकानात बसून बघितलेला. मग नखानं चिठ्ठीचा कोपरा उचलला. चिठ्ठीखाली चिठ्ठी होती. पेनानं लिहिलेली. 'जयराज जमदाडे, सातारा यांजकडून सप्रेम भेट.'

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. अक्षर पोराचंच. मला वाटलं आता रडतील, चिडतील. तर हळूच म्हणाले, "म्हणजे त्याच्या घरापर्यंत पोचलं होतं तर. त्याच्या हातात होतं."

आगं आई गं! मला ते सोसवेना. बाहेर ओट्यावर आले आणि सरळ जयराजला फोन लावला. म्हटलं, "तुझ्या घरी सोनेरी कागदातला आहेर आला होता का?" म्हणाला, "आला असंल, वास्तुशांतीला लय आहेर आलेले. का गं?" "का गं म्हणतोस? मुडदा बशिवला तुझा! तुझ्या बापानं दोन-तीन वर्षं रक्त आटवून तुझ्यासाठी पुस्तक लिहिलं, आणि तू ते न उघडता नाथ्याच्या पोरीला दिलंस! आणि आज ते फिरून बापाच्याच मांडीवर येऊन पडलंय." मग म्हणाला, "अण्णांनी पुस्तक लिहिलंय?" त्याला कुणी सांगितलंच नव्हतं! बापाचा विषय त्याच्यापाशी काढायचा नाही, हे सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलेलं. मी फोन आपटला.

आत आले, तर सरांनी कागद काढून घडी करून ठेवला होता. पुस्तक माझ्या हातात दिलं. म्हणाले, "पाठव त्याला. तसंच, उघडं पाठव. कागद लावू नकोस."

मी कुरिअर केलं. सर दुसऱ्या दिवसापासून दुकानात येऊन बसायला लागले. काही घ्यायचं नसायचं. कधी वहीची किंमत विचारायचे, कधी रबर हातात घेऊन परत ठेवायचे. मुख्य प्रश्न विचारायचे नाहीत आणि मी सांगायची नाही, कारण सांगायला काही नव्हतं. पोचलं एवढं कळलेलं. दिवस गेले. एकदा उठताना म्हणाले, "वाचलं असेल, आणि पटलं नसेल. तोही त्याचा हक्क आहे." मी म्हटलं, "गप्प बसा हो सर." सरांना असं बोलले मी! त्यांनीही ऐकून घेतलं.

त्यानंतरच्या रविवारी दुपारी जयराज दुकानात येऊन उभा राहिला. काखेत पुस्तक. डोळे सुजलेले. स्टुलावर बसला आणि म्हणाला, "संयू, मला एकट्याला जमायचं न्हाई. तू चल." मी शटर ओढलं आणि त्याच्याबरोबर निघाले.

सर दारातच होते. पोराला बघून उठले, पण पुढे आले नाहीत. दोघं समोरासमोर बसले. मी चुलीपाशी, म्हणजे गॅसपाशी, उगीच भांडी हलवत राहिले. टीव्हीवर कुणीतरी पाककृती सांगत होतं. जयराजनं उठून तो बंद केला.

"अण्णा, तुमी लिवलंय की मी फोन लावत हुतो."

"लावत असशीलच. माझा बंद होता."

"न्हाई लावला. म्या फोन केलाच न्हाई." जयराजचा आवाज चिरकला. "सकाळी तिला धाप लागली. डॉक्टर म्हनले, बोलवून घ्या. म्या फोन हातात घेतला तर तिनं माझा हात धरला. म्हनली, नगं करू. आज परीक्षेच्या आधीचा शेवटचा तास हाय, पोरांचं नुकसान हुईल. दुपारी येतीलच की. मला वाटलं, तुमी याल. आन मग ती गेली. नंतर तुमच्याकडं तोंड घिऊन याला धीर झाला न्हाई. तुमाला वाटलं मी रागावलोय. म्या ते तसंच वाटू दिलं. सोपं पडलं मला."

सरांनी विचारलं, "वाट बघितली का तिनं माझी?"

"दाराकडंच बघत हुती, अण्णा. पर बोलवू दिलं न्हाई."

सरांनी मान हलवली. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते पुसलंही नाही. माझ्या हातातलं भांडं तसंच राहिलं.

मग सर म्हणाले, "त्या दिवशी जत्रा होती रं भैरोबाची. कुस्त्या होत्या. तासाला एकपण पोरगं आलं नाही."

जयराजनं पुस्तकाचं शेवटचं प्रकरण उघडलं.

"मी वर्गात बसून होतो. येतील, उशिरा का होईना येतील म्हणून. तारीख आणि धडा फळ्यावर लिहून ठेवला होता. फोन बंद करून बसलो होतो."

"मग हे पुस्तकात का न्हाई लिवलं?"

सर म्हणाले, "पोरांनी वाचलं असतं तर त्यांना वाईट वाटलं असतं रं."